आधी पाणी विचारा, वहिनी

वहिनी, ती पेरूची फांदी जरा बाजूला करा, तोंड दिसत नाही तुमचं. हां. तुमची भाची पुण्याहून इकडं हर्सूलला बिऱ्हाड हलवतेय म्हणे? जावईबापूंना शेंद्र्याला नोकरी लागली तर येणारच की. आणि पोरगी रात्रंदिवस मोबाइलवर प्लॉटचे फोटो बघत असेल. सगळे फोटो पावसाळ्यातले असतात हो ते!

हर्सूलचं नाव घेतलं की पुण्याचे लोक हसतील, हे तिला आधीच सांगून ठेवा. आमच्या ह्यांना एका लग्नात पंगतीला बसल्या बसल्या एकानं विचारलं, "हर्सूलला? कधी सुटलात?" आता जेल आहे, त्याला आपण काय करणार! हरसिद्धी मातेची नवरात्रातली गर्दी मात्र कुणाला आठवत नाही.

तशी शेंद्र्याला जायला जागा सोयीची. सावंगी बायपासनं केंब्रिज चौक गाठला की झालं, शहरात घुसायचं कामच नाही. सावंगीलाच समृद्धी महामार्गावर चढता येतं. नोकरी वाळूजला असती तर मीच नको म्हटलं असतं. रोज अख्खं शहर ओलांडून जायचं आणि संध्याकाळी तोंड पाडून यायचं.

पण मी म्हणते, आधी पाणी विचारा. शाळा, दवाखाना, बाजार नंतर. इथं तलाव दिसतो म्हणून भुलायचं नाही. त्याचं पाणी जुन्या शहरातल्या काही वस्त्यांना जातं. बाकीचं शहर पैठणवर, म्हणजे जायकवाडीवर. आपलं म्हणजे धरण उशाला आणि कोरड घशाला. शहराच्या नव्या पाणी योजनेचं भूमिपूजन 12 डिसेंबर 2020 ला झालं, तेव्हा 1,680 कोटींची होती, पुढं 2,740 कोटींवर गेली. पाइप अडीच मीटर व्यासाचे, माणूस न वाकता आतून चालत जाईल! आणि नळ? कुठं पाच दिवसांनी, कुठं आठ-दहा दिवसांनी. तोवर हौद, ड्रम आणि टँकरवाल्याची मनधरणी.

मलिक अंबर शहाणा माणूस. 1610 मध्ये खडकी वसवली, म्हणजे आपलं हेच शहर, आणि उत्तरेच्या डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीनं गावात खेळवलं. ना मोटर, ना लाइट, नुसत्या उतारावर. त्याच्या आधी तुघलकानं 1327 मध्ये दिल्लीची माणसं उचलून दौलताबादला आणली, अन् काही वर्षांत परत फिरवली. बायका-पोरांचे काय हाल झाले असतील! भाचीनं कुणाचा कित्ता गिरवायचा तो गिरवावा.

घरमालक म्हणेल, बोअरला भरपूर पाणी आहे. असेल. तांब्याभर मागून घ्या आणि त्यात तुरीची डाळ लावून बघा. चार शिट्ट्या होऊनही दाणा अख्खा राहिला तर समजा, पाणी जड आहे. न्हाणीतली बादलीही उलटी करून बघायची. पांढरा थर खरवडून निघत नसेल तर जारच्या पाण्याचा खर्च भाड्यातच धरायचा.

आणि ते वीस बाय तीसचे प्लॉट! स्वस्त म्हणून बाँडवर घ्यायचे आणि जन्मभर चपला झिजवायच्या. गुंठेवारीचा कायदा 2001 चा. 2021 मध्ये तो वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात धरली. दलाल तेवढंच सांगतो. घर खरंच नियमित झालं का, तो कागद मागा. सातबारावर कुणाकुणाची नावं आहेत ती वाचून घ्या. "होऊन जाईल ताई" म्हणाला की पिशवी उचला आणि घरी या.

फुलंब्री? तुमचं माहेर म्हणून तुम्हाला ओढ. पण पोरांची शाळा शहरात ठेवायची असेल तर रोज पहाटे डबे करणार कोण? ती पोरगीच ना?

माझं ऐका. वर्षभर भाड्यानं राहू दे, एक उन्हाळा काढू दे, मग काय तो इसार द्या. आमच्या वरच्या दोन खोल्या पुढच्या महिन्यात रिकाम्या होतायत. बोअरचं पाणी जड आहे, हे आत्ताच सांगते.