बटनाचा फोन आणि मायनसमधली उजनी

फोनच्या पोटात जडशीळ व्यवस्था कोंबण्यापेक्षा वेबपानं ज्या मालमसाल्यानं बनतात त्यातच सगळं बांधावं, म्हणजे स्वस्तातल्या फोनवरूनही कुणालाही आपले फोटो, निरोप सहज वाटता येतील, असं काही शहाण्यांनी ठरवलं. फायरफॉक्सवाल्या मोझिलानं २०११ मध्ये हे काम हाती घेतलं. २०१४ मध्ये इंटेक्सनं तसला फोन भारतात १,९९९ रुपयांना विकायला काढला. तो आता कुणाला आठवत नाही. मोझिलानं पुढं अंग काढून घेतलं, पण त्याच बियाण्यातून कायओएस नावाची व्यवस्था उगवली आणि २०१७ मध्ये १,५०० रुपये अनामत भरून, जिओफोनच्या रूपानं, आमच्या तात्यांच्या बंडीच्या खिशात येऊन बसली.

तात्यांना या खानदानाचा पत्ता नाही. त्यांच्या लेखी तो ‘बटनाचा फोन’. चुन्याचं बोट असो, चिखलाचं असो, बटन दाबलं की दबतं. पुढच्या वर्षी त्यात व्हॉट्सॲप आलं आणि तात्या फोटो, निरोप वाटत सुटले.

पूर्वी हे एवढं सोपं नव्हतं. उजनीचं धरण झालं १९८० मध्ये आणि भावकी दोन काठांवर पांगली. करमाळ्याच्या बाजूनं इंदापूरची बाजू डोळ्यांना दिसते, पण रस्त्यानं जायचं तर भीमेला हा एवढा वळसा. मग होडीत बसणारा कुणी गाठून त्याच्या तोंडी निरोप द्यायचा. दुसऱ्याच्या तोंडी द्यायचा म्हटल्यावर निरोपाची चाळण आपोआप व्हायची. ‘म्हैस व्याली’ हा जायचा. ‘आज चहा बरा झाला’ हा कोण नेणार? व्हॉट्सॲप आल्यावर चहाचा फोटो जाऊ लागला, बशीसकट. मला विचाराल तर आधीची चाळण मोठी गुणाची होती. पण हे तात्यांना सांगायची माझी छाती झाली नाही, कारण त्या चहाला पलीकडच्या आत्या रोज अंगठा दाखवायच्या.

फोनमधली चार जीबीची जागा अर्थातच भरायची. नातवानं ‘सुप्रभात’ची फुलं पुसायला काढली तर तात्या म्हणाले, “ऱ्हाऊ दे रं. धरणात न्हाई का मृत साठा? त्यो कुणी काढून टाकतंय व्हय?”

मृत साठ्याचं त्यांना कौतुक असणारच. ११७ टीएमसीच्या उजनीत निम्म्याहून जास्त तोच. उन्हाळ्यात वरचा उपयुक्त साठा संपून धरण ‘मायनसमध्ये’ गेलं की पलीकडं पळसदेवला पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं आणि अलीकडं आमच्या जुन्या गावठाणाची जोती. भिगवणला पुण्याची मंडळी हातभर भिंगं लावून रोहित पक्षी टिपत असतात, तेव्हा तात्या दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यानं गाळ टिपतात. एका उन्हाळ्यात त्यांनी उघड्या पडलेल्या रानाचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आपलं रान’.

‘आपलं म्हंजी कुणाचं?’ पलीकडच्या काठावरून चुलत्यांनी विचारलं.

पाण्याखाली चाळीस वर्षं गप्प पडलेला बांध त्या धुरकट फोटोत उत्तरेला सरकलेला दिसत होता, निदान चुलत्यांना तरी. मोबदला घेऊन सरकारजमा झालेल्या जमिनीवर दोघांचाही हक्क नाही, ही गोष्ट ग्रुपवर कुणी काढली नाही. तात्यांनी दुसऱ्या बाजूनं फोटो पाठवला, चुलत्यांनी त्यावर लाल रेघ ओढून परत पाठवला, नातवानं दोघांना हसरा चेहरा पाठवला आणि दोघांच्या शिव्या खाल्ल्या. भाद्रपदात धरण भरलं, तरी मोजणी चालूच होती.