दोन मजली माइनक्राफ्ट केक: नवशिक्यांसाठी अगदी सोपी कृती

साहित्य: मैदा, कोको, पिठीसाखर, लोणी, व्हिपिंग क्रीम, गडद चॉकलेट, फाँडंट, जेलचे रंग, जाड स्ट्रॉ, कंपासपेटीतली पट्टी आणि फ्रिजचे दोन मोकळे कप्पे. यातली शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही. ती मिळवण्यासाठी इडलीचं पीठ, कालची आमटी आणि सासूबाईंचं मुरांब्याचं भांडं यांच्याशी स्वतंत्र वाटाघाटी कराव्या लागतात.

आधी थीम ठरवा. उत्सवमूर्तीला पंधरा दिवस आधी एकदाच विचारा, उत्तर कागदावर लिहून घ्या आणि त्यानंतर घरात केकचा विषय काढू नका. आठवड्याने पुन्हा विचारलंत तर त्याचा आवडता खेळ बदललेला असतो आणि तुम्ही हिरवा रंग आणून बसलेले असता.

निवड तुमच्या हातात असेल तर मारिओच्या वाटेला जाऊ नका. मिशी जरा वाकडी लागली की पाहुणे ‘हे कोण?’ असं विचारतात. 1980 सालचा पॅकमॅन सर्वांत सोपा: गोल पिवळा केक करायचा आणि एक तुकडा आधीच खाऊन टाकायचा. पण त्याला बघून गहिवरतात ते बाबा, आणि वाढदिवस बाबांचा नसतो. टेट्रिसमध्ये वरचं सगळं खाली येतं, त्यामुळे मजली केकसाठी ती थीम अशुभ. उरला माइनक्राफ्ट. 2011 साली पूर्ण रूपात आलेल्या या स्वीडिश खेळात सूर्यसुद्धा चौकोनी. चौकोन म्हणजे सोपं काम, असं तुम्हाला या टप्प्यावर वाटेल. वाटू द्या.

खुद्द खेळातही केक आहे. त्याला तीन बादल्या दूध, दोन साखरा, एक अंडं आणि तीन गहू लागतात. ओव्हन लागत नाही आणि बादल्या परत मिळतात. मुलाने ही कृती तुम्हाला आधीच ऐकवलेली असेल. ‘मग तुला एवढा वेळ का लागतोय?’ या त्याच्या प्रश्नाला उत्तर देत बसू नका.

आता भाजणं. खालचा मजला दहा इंची चौकोनी, वरचा सहा इंची. घोळ कालवण्यापूर्वी रिकामा ट्रे ओटीजीत घालून पाहा. दार लागत नसेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. गोल केकचं माप जसंच्या तसं घेऊ नका. त्याच इंचाच्या चौकोनी भांड्याला साधारण सव्वापट घोळ लागतो. अंड्याचा की बिनअंड्याचा, हा निर्णय तुमचा नाही, आजीचा आहे. तिने मान हलवली की कंडेन्स्ड मिल्कचा डबा फोडा. केकला मध्ये टेंगूळ येईल, ते सुरीने सपाट करा. कापलेले तुकडे ताटलीत ठेवा, ते आपोआप नाहीसे होतात.

क्रीमचं पाकीट आदल्या रात्री फ्रीजरमधून खाली घ्या आणि थोडे बर्फाचे कण शिल्लक असतानाच फेटा. मे महिन्यात वाढदिवस असेल तर भांडं बर्फावर ठेवा. कपाळाचा घाम पुसायला दुसऱ्या कुणालातरी उभं करा.

वरच्या मजल्यावर क्रीपर करायचा. हा हिरवा प्राणी आवाज न करता जवळ येतो आणि फुटतो. मुळात तो डुकराची आकृती करताना लांबी-उंचीची अदलाबदल झाल्यामुळे जन्माला आला, म्हणजे तो बिघडण्याची फार भीती नाही. त्याचं तोंड आठ गुणिले आठ चौकोनांचं असतं. सहा इंचांत आठ म्हणजे प्रत्येक चौकोन पाऊण इंचाचा, एका बाजूला चौसष्ट. हिरव्याच्या तीन-चार छटा लाटा, पट्टी लावून कापा आणि पाण्याचं बोट लावून एकेक चिकटवा. तिसऱ्या ओळीपर्यंत सगळं रेषेत असतं. पाचव्या ओळीला लक्षात येतं की पहिला चौकोन केसभर मोठा होता आणि शेवटचा आता केकच्या बाहेर चाललाय. चार बाजू आणि छत मिळून 320 चौकोन होतात. त्यापेक्षा केक भिंतीला टेकवून ठेवा. पाहुणे मागे जाऊन पाहत नाहीत.

डोळ्यांसाठी काळा रंग हवा. पांढऱ्या फाँडंटमध्ये काळा ओतत बसलात तर आधी राखाडी होतो, मग कडू. चॉकलेटी फाँडंट घ्या, थोडाच काळा मिसळा आणि तासभर झाकून ठेवा. रंग आपला आपण गडद होतो.

उभारणीत मात्र चेष्टा नाही. वरचा मजला खालच्या केकवर बसत नाही, काड्यांवर बसतो. बिल्डिंगचा स्लॅब कॉलमवर असतो तसा. खालच्या केकमध्ये पाच जाड स्ट्रॉ खोचा, केकच्या उंचीला बरोबर कापा, वरच्या मजल्याखाली त्याच्याच मापाचा पुठ्ठा द्या. एक काडी जरी लांब राहिली तरी क्रीपर कलतो. हे काम चालू असताना घरातले सिव्हिल इंजिनियर सल्ला द्यायला येतील. त्यांना फुगे फुगवायला बसवा.

पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेल्या फाँडंटला घाम फुटतो. हात लावू नका, पंखा लावा. औक्षणाचं निरांजनही केकपासून हातभर लांबच राहू द्या.

कापण्याआधी वरचा मजला पुठ्ठ्यासकट उचलून बाजूला ठेवा, मग खालच्या स्ट्रॉ काढा आणि मोजा. पाच घातल्या होत्या, पाचच निघायला हव्यात. चार निघाल्या तर पाचवी सापडेपर्यंत कुणालाही प्लेट देऊ नका.