मेस्सी-रोनाल्डो भांडणाची बाळबोध प्रवेशिका

या भांडणात उतरायला फुटबॉल खेळता यावा लागत नाही. बघितलेला असला तर उत्तम, पण तीही सक्ती नाही. अट एकच : बाजू आधी निवडायची, कारणं मागाहून गोळा करायची. कोल्हापुरात हे शिक्षण लवकर होतं. तिथे पेठ जन्मानेच मिळते आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीसाठी घसा फोडायचा की खंडोबासाठी, हे पोराला कुणी विचारत नाही. मेस्सी की रोनाल्डो हे मात्र ज्याचं त्याला ठरवावं लागतं. अडलंच तर थोरला भाऊ ज्याची जर्सी घालतो त्याच्या विरुद्ध जावं, घरातल्या घरात सराव होतो. एकदा ठरलं की बदल नाही. आमदाराने पक्ष बदललेला लोक विसरतात, तुमचं विसरणार नाहीत. वर्ल्ड कपच्या वेळी चौकात लावलेल्या डिजिटलवर ‘शुभेच्छुक’ म्हणून तुमचा गॉगलमधला फोटो छापलेला असतो.

आता पाठांतर. मेस्सीवाल्याने ‘आठ-पाच’ घोकावं : बॅलन डी’ऑर आठ विरुद्ध पाच. शिवाय २०२२ चा वर्ल्ड कप आहेच. रोनाल्डोवाल्याने ‘पाच-चार’ धरून ठेवावं, म्हणजे चॅम्पियन्स लीग. आणि समोरचा चहाचा घोट घेत असेल तेवढ्यात इंग्लंड, स्पेन, इटली या तिन्ही देशांतली लीग जिंकल्याचं उरकून घ्यावं. समोरच्याचा आकडा मोठा निघाला तर तो खोटा आहे असं कधीही म्हणू नका, मोबाइलवर लगेच सापडतो. तो आकडा धरण्याच्या लायकीचा नाही, असं म्हणा. बॅलन डी’ऑर? पत्रकारांची मतं ती. चॅम्पियन्स लीग? टीम रियल माद्रिदची होती, कुणालाही मिळाली असती.

नवशिके हमखास पडतात तो खड्डा इथे आहे. रोनाल्डोवाल्याला कुठून तरी कळतं की मेस्सीच्या चारातली २००६ ची फायनल तो खेळलाच नव्हता, दुखापतीतून सावरत होता. मग तो आनंदाने सांगतो, “म्हणजे तीनच की रं!” असं करू नये. कारण समोरून लगेच २०१६ चा युरो येतो. त्या फायनलमध्ये रोनाल्डो पंचविसाव्या मिनिटाला स्ट्रेचरवरून बाहेर गेला आणि कप जिंकून देणारा गोल जादा वेळेत एडरने मारला. यावर शास्त्रसंमत उत्तर एकच आहे : “कोचच्या शेजारी लंगडत उभा राहून वरडत कोण होता?” हे उत्तर उभं राहून, हातवारे करूनच द्यायचं. बसून दिलं तर पडतं.

पेनल्टीचा धडा स्वतंत्र आहे. रोनाल्डोला ‘पेनाल्डो’ म्हणतात हे जुनं झालं, २०२२ पासून ते दुसऱ्या बाजूलाही लागू पडतं. टपरीवर साधारण असं चालतं :

“भावा, वर्ल्ड कप दाखव की तुझ्या माणसाचा.”

“पाच पेनल्ट्या मिळाल्या अर्जेंटिनाला. मलाबी दिल्या असत्या तर मीबी आणला असता.”

“बरं. बाद फेरीतला रोनाल्डोचा एक गोल दाखव, आजचा चहा माझा.”

इथे रोनाल्डोवाल्याने विषय बदलावा. २०२२ पर्यंतच्या पाच वर्ल्ड कपांत त्याचे आठ गोल आहेत आणि आठही साखळी फेरीतले. उलट, मेस्सीच्या पाच पेनल्ट्यांतली एक पोलंडच्या गोलीने अडवली, हे त्याने हळूच सरकवून द्यावं. उपयोग काही नसतो, पण माघार सन्मानाने होते.

बाकीच्या खेळाडूंवर फार वेळ घालवू नका. एकेकाला एकच कृत्य चिकटवलं की भागतं. नेमार लोळतो, सुआरेझ चावतो, झिदान डोकं मारतो. त्याच डोक्याने झिदानने १९९८ च्या फायनलमध्ये ब्राझीलवर दोन गोल मारले होते, पण ते कुणी काढत नाही. माझ्या मते हा अन्यायच आहे, पण प्रवेशिकेत न्यायाला जागा नाही.

टपरीवर एक काका असतात. पोरांचा आवाज वाढला की ते पेपर खाली ठेवतात आणि म्हणतात, “मॅराडोना.” इथे दोन्ही पक्षांनी युती करावी, तरी हरायची तयारी ठेवावी. “काका, त्यानं हातानं मारला होता” हे तर बोलूच नका. त्याचं उत्तर काकांकडे १९८६ पासून तयार आहे : “व्हय, हातानं मारला. त्यानंतर चार मिनिटांनी पायानं मारला, तो बघितलाय का बाळा?”

आपला माणूस हरला तर काय करावं? २२ नोव्हेंबर २०२२ ला सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला हरवलं त्या संध्याकाळी बऱ्याच जणांच्या फोनला अचानक चार्जिंग नव्हतं. दोन आठवड्यांनी पोर्तुगालच्या कोचने रोनाल्डोला स्वित्झर्लंडविरुद्ध बाकावर बसवलं, त्याच्या जागी आलेल्या गोन्सालो रामोसने तीन गोल ठोकले, आणि फोन बंद पडण्याची साथ दुसऱ्या गल्लीत गेली.

प्रगत विद्यार्थ्यांसाठी भारत दौऱ्याचा विषय. ऑक्टोबर २०२५ मध्ये अल नस्र एफसी गोवाशी खेळायला फातोर्ड्याला आला, रोनाल्डो आला नाही. डिसेंबरात मेस्सी आला, पण सामना खेळला नाही. कोलकात्यात तो धड दिसलाच नाही म्हणून लोकांनी खुर्च्या फेकल्या. वानखेडेवर सचिनने त्याला दहा नंबरची जर्सी दिली. “आला तरी होता”, “आला पण खेळला कुठं?”, “२०११ ला कोलकात्यात व्हेनेझुएलाशी खेळलाय की” एवढ्यावर एक अख्खी संध्याकाळ निघते.

फातोर्ड्याच्या त्या सामन्यात एफसी गोवा २-१ ने हरला आणि गोव्याचा तो एक गोल ब्रिसन फर्नांडिसने मारला. हा विषय मात्र चुकूनही काढू नका. गोल चांगला होता यावर सगळ्यांचं लगेच एकमत होतं, पुढे बोलायला काही उरत नाही, आणि टपरीवाला सगळ्यांच्या चहाचे पैसे मागायला लागतो.