हद्द कायम मोजणी

शहापूरच्या माझ्या दवाखान्यात औषध मी देतो, निदान मात्र बाहेरच्या बाकावर आधीच होऊन गेलेलं असतं. बाकाच्या उजव्या टोकाला, बरोब्बर पंख्याखाली, मोजणीकाका बसतात. भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत ज्यावर उभं राहून त्यांनी शिव्या खाल्ल्या नाहीत असा बांध शोधूनच काढावा लागेल. घर सरळगावच्या अलीकडे. आठवड्यातून दोनदा किन्हवलीमार्गे एसटीने येतात, रक्तदाब दाखवायला. रक्तदाबाला दोन मिनिटं लागतात. पुढचे तीन तास ते दुसऱ्यांचे कार्डिओग्राम वाचतात.

चूक माझीच. एकदा कुणाची तरी पट्टी टेबलावर पसरलेली होती. तो बारीक गुलाबी चौकटींचा कागद पाहून काकांच्या चेहऱ्यावर माहेरचं माणूस भेटल्याचा आनंद उमटला.

"स्केल काय धरलंय?" त्यांनी विचारलं.

मी भाबडेपणाने सांगितलं. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर पळतो. लहान घर म्हणजे 0.04 सेकंद, पाच लहान घरांचं मोठं घर 0.2 सेकंद. उभे दहा मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. दोन शिखरांमधली मोठी घरं मोजून 300 ला त्यांनी भागलं की मिनिटाचे ठोके.

"म्हणजे टिपणच की हो!" काका म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी शर्टाच्या खिशात कर्कटक घालून आले.

त्यांच्या लेखी हृदय हा एक गट नंबर आहे. बारा लीड म्हणजे बारा बाजूंनी केलेली मोजणी. मधली सपाट रेघ म्हणजे बांध. पहिली छोटी टेकडी पी, मधला सुळका क्यूआरएस, शेवटचा उंचवटा टी, आणि सुळका संपल्यापासून टी सुरू होईपर्यंतचा तुकडा म्हणजे एसटी. या एसटीने फार घोळ घातला. ती बांधावरून उचलली गेली की हृदयाची रक्तवाहिनी एकाएकी तुंबली असल्याचा संशय घ्यायचा, हे काकांनी माझ्याकडून उचललं आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला ठणकावून सांगितलं, "तुमची एसटी वर गेलीय." त्या बिचाऱ्याने पिशवी उचलली आणि विचारलं, "कंची, माळशेजची? आता पुढची किती वाजता?"

पण एवढ्यावर थांबतील तर ते मोजणीखात्यातले कसले. एका लीडमध्ये एसटी उचललेली दिसली म्हणून घाबरायचं नाही, शेजारच्या दोन लीडमध्ये तरी दिसायला हवी, हे मी सांगितलं तेव्हा ते टाळी देऊन म्हणाले, "लगतधारक! लगतधारकाला नोटीस काढल्याशिवाय मोजणी होतच नाही." दोन, तीन आणि एव्हीएफ ही एकमेकांना लागून असलेली खाती, हृदयाच्या खालच्या भिंतीची. तिथे रेघ चढली की समोरच्या एव्हीएलमध्ये ती खचते. हेही त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. "एकाने बांध कोरला की माती दुसऱ्याच्याच शेतातली जाते," ते म्हणाले. मी वैद्यकीच्या पुस्तकात हे चार पानांत वाचलं होतं.

एव्हीआर लीड सगळ्यांची उलटी असते. तिच्या नावाने जो घाबरेल त्याला काका पाठीवर हात ठेवून धीर देतात, "हा खातेदार जन्मापासून उलटाच आहे. त्याच्याकडे लक्ष देऊ नका." मात्र एक नंबरची लीड उलटी आणि एव्हीआर सुलटी दिसली, की ते माझ्या कंपाउंडरकडे चष्म्यावरून बघतात. हातांच्या चिमट्यांची अदलाबदल झालेली असते. "नकाशा उलटा धरून मोजणी करू नये, बाळा."

मशीनशी त्यांचं वैर आहे. हल्लीची मशीनं पट्टीच्या डोक्यावर स्वतःच निदान छापतात, आणि मशीन फार भित्रं असतं. रोगी थंडीने कुडकुडला तरी ते 'ॲबनॉर्मल' छापून मोकळं होतं. तो शब्द वाचून वाशिंदच्या एका गृहस्थांनी तिथल्या तिथे मुलाला मृत्युपत्राबद्दल विचारलं होतं. काकांनी कर्कटक लावलं, रेघेवरचं थरथरणं दाखवलं, पंखा बंद करायला लावला, अंगावर चादर घालून पट्टी पुन्हा काढायला लावली. ती स्वच्छ आली. गृहस्थ बरे होते. मुलगा जरा नाराज दिसला. समृद्धी महामार्गात जमीन गेलेल्यांपैकी होते ते.

कधीकधी माणूस चकित करतो. डोळखांबकडचा मूत्रपिंडाचा एक रोगी अंगात त्राण नाही म्हणून आला. त्याची पट्टी माझ्या हातात यायच्या आधी काका पुटपुटले, "ही तर म्हशाच्या जत्रेतली पालं." बघतो तर खरंच, अरुंद बुडाचे, उंच, टोकदार टी, ओळीने तंबू ठोकल्यासारखे. रक्तातलं पोटॅशियम वाढल्याची ती खूण, आणि ती दिसली की प्रयोगशाळेच्या कागदाची वाट बघत बसायची नसते. मी धावपळ करून त्याला पुढे पाठवला. काका मात्र आजही सांगतात, आपण त्याला म्हशाची जत्रा झाल्याचं निदान केलं होतं.

आणखी एकदा, तापातून उठलेला तरुण छाती धरून आला. झोपलं की दुखतं, पुढे वाकून बसलं की बरं वाटतं. पट्टीत जवळजवळ सगळ्या लीडमध्ये एसटी थोडी थोडी वर. मशीनने अर्थातच आकांत केला. काका शांत. "सगळ्यांच्याच बांधावर पाणी चढलं तर ते अतिक्रमण नव्हे, पूर आला समजायचं." हृदयाच्या वेष्टनाला सूज आली की चित्र असंच दिसतं. ही उपमा पूर्ण निर्दोष नाही, पण त्यांच्यासमोर मी ते बोललो नाही.

विज्ञानाचा इतिहासही त्यांना सांगून पाहिला. हॉलंडच्या लायडन शहरात विलेम आइन्थोव्हेनने हे यंत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभं केलं, पी-क्यू-आर-एस-टी ही नावं त्याचीच, 1924 साली त्याला नोबेल मिळालं. त्या वेळी छातीला चिकटवायच्या वाट्या नव्हत्या. रोगी दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून बसायचा.

"तीन बादल्या?" काकांनी विचारलं. "मे महिन्यात शहापुरात नसतं जमलं. तानसा आमची, भातसा आमची, पण एवढं पाणी मागायला मुंबईला अर्ज करावा लागला असता."

त्यांची खरी महती एका वाक्यात आहे. कुणीही पट्टी पुढे केली की आधी विचारणार, "जुनी आणलीय?" मूळ अभिलेख पाहिल्याशिवाय नव्या मोजणीवर सही करायची नाही, हा खात्यातला बाणा. आणि गंमत म्हणजे हृदयरोगाचे मोठमोठे डॉक्टरही हेच विचारतात. आजची वाकडी रेघ दहा वर्षांपूर्वीही तशीच वाकडी असेल तर ती त्या माणसाची ठेवण. परवापर्यंत सरळ असेल तर तो अपघात. माझ्या दवाखान्यात लोक पट्ट्या जपून ठेवायला लागले ते काकांमुळे. फक्त तो कागद उष्णतेने उमटणारा, वर्षा-दोन वर्षांत फिका पडतो, म्हणून झेरॉक्स काढून ठेवा असं मी सांगतो. काकांनी स्वतःची पट्टी सातबाऱ्याबरोबर लॅमिनेट करायला दिली होती. गरम यंत्रातून ती अमावस्येसारखी काळीकुट्ट होऊन बाहेर आली. ती त्यांनी फायलीत लावून ठेवली आहे. वर लिहिलंय, 'मूळ अभिलेख. हाताळू नये.'

मागच्या पावसाळ्यात ते नेहमीचा दिवस नसताना आले. रिक्षातून, सोबत काकू. शर्ट घामाने चिंब, ओठ पांढरे.

"आम्लपित्त," काकांनी जाहीर केलं. "सकाळी पावटे खाल्ले. उलटी झाली एक. सोडा द्या."

पट्टी काढली. चांगली आली, तसं काही दिसेना. काकांनी पडल्या पडल्याच ती मागून घेतली. "बांध जागच्या जागी," ते काकूंना म्हणाले. "चला."

"काका, झोपून राहा," मी म्हणालो. "तुम्हीच म्हणता ना, एका मोजणीवर सही करू नये."

हा डाव त्यांना अपेक्षित नव्हता. तुंबत चाललेल्या रक्तवाहिनीची खूण पहिल्या पट्टीत दर वेळी सापडतेच असं नाही, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढत राहायचं असतं. दुसरी पट्टी निघाली. दोन, तीन, एव्हीएफ, तिन्ही खाती बांधावरून उचललेली, समोर एव्हीएल खचलेली. मी काही बोललो नाही. पट्टी त्यांच्यापासून लपवायचा प्रयत्न केला, पण ज्या माणसाने चाळीस वर्षं तलाठ्यांच्या दप्तरातून कागद ओढून काढले त्याच्यापुढे माझं काय चालणार.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. कर्कटक खिशातून काढलं, तसंच परत ठेवलं.

"चिमटे उलटे लागलेत," ते म्हणाले.

"नाही लागले."

"मग पंखा."

पंखा बंदच होता, वीज सकाळपासून गेलेली. मशीन बॅटरीवर होतं.

बाकावरच्या एका शेजाऱ्याने तत्परतेने जिभेखाली ठेवायची गोळी पुढे केली. मी ती थोपवली. खालच्या भिंतीचा झटका असला की हृदयाचा उजवा कप्पा सापडलाय का ते आधी पाहायचं, नाहीतर त्या गोळीने रक्तदाब कोसळतो. म्हणून मी एक वाटी छातीच्या उजव्या बाजूला लावली. एवढ्या दुखण्यातही काका तडकले, "ही बाजू आपल्या गटात येत नाही!"

तिथेही रेघ चढलेली होती. ॲस्पिरिन चावायला दिली. 108 ला फोन झाला. दोन्ही पट्ट्यांचे फोटो कल्याणच्या हृदयतज्ज्ञांना व्हॉट्सॲपवर पाठवले. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत जेवढं काम करतं तेवढं नंतर करत नाही, आणि भिवंडीची वाहतूक कुणाचे तास मोजत नसते. तेव्हा इंजेक्शन आधी इथल्याच सरकारी रुग्णालयात, ठाण्याचा प्रवास त्यानंतर, असं ठरलं.

स्ट्रेचरवर घेताना काकांनी माझा हात धरला. त्यांच्या खात्यात मोजणीचे दर ठरलेले असत, साधी, तातडीची, अतितातडीची आणि अति-अतितातडीची.

"यातली कुठली?" त्यांनी विचारलं.

"शेवटची."

"फी भरून ठेवा," ते काकूंना म्हणाले. "पावती घ्या."

दीड महिन्याने ते बाकावर परत आले. वजन कमी झालेलं, तंबाखूची डबी गायब, बाकी जागा तीच. पट्टी काढली. एसटी खाली आली होती, बांध पूर्ववत. पण तीन नंबरमध्ये आणि एव्हीएफमध्ये सुळक्याच्या आधी एक खोल रुंद खड्डा पडलेला, क्यू.

"हा पूर्वी नव्हता," काका म्हणाले.

"नव्हता."

"बुजेल?"

"बहुतेक नाही. तेवढा स्नायू गेला. तो खड्डा आता तसाच राहणार."

"म्हणजे फेरफार मंजूर." त्यांनी कर्कटकाने खड्ड्याची रुंदी घेतली, एक लहान घर भरून वर थोडं. मग चष्मा काढला. "अशा नोंदीवर हरकत घ्यायची मुदत किती असते, माहीत आहे ना?"

"पंधरा दिवस," मी म्हणालो. इतक्या वर्षांत तेवढं मीही शिकलो होतो.

"गेली मग," काका म्हणाले, आणि पट्टीची झेरॉक्स काढून आणायला त्यांनी माझ्या कंपाउंडरला दोन रुपये दिले.