ओटीवरचा डबल बेस

घर सजवण्याच्या मासिकांत हल्ली एक नवा दिवाणखाना दिसतो. फिकट भिंत, अक्रोडाच्या लाकडाचं बुटकं लांब कपाट, त्यावर दोन टर्नटेबलं, मध्ये मिक्सर, खाली हजारभर रेकॉर्डी उभ्या लावलेल्या, कोपऱ्यात मोठ्या पानांचं झाड आणि सोफ्यावर मांजर. अशा घरात कुणी राहत नसावं असा माझा संशय आहे. कारण चित्रात कुठे वायर दिसत नाही. जव्हार तालुक्यातल्या आमच्या जामसरच्या घरात वायर हीच मुख्य सजावट आहे.

आमच्याकडचा डीजे पुतण्याचा. रेकॉर्डी माझ्या. घर दोघांचं, म्हणजे खरं तर हिचं.

पुतण्याकडे टॉप आहेत, अठरा इंची स्पीकरांचे डबल बेस आहेत, ॲम्प्लिफायर आहेत आणि आभाळात प्रकाश फेकणाऱ्या शार्प्या आहेत. लग्नसराईत हे सगळं पिकअपवर असतं. मोखाड्यापासून विक्रमगडापर्यंत कुठे ना कुठे हळद असतेच. पण मृगाचा पाऊस पडला की पिकअप खताच्या गोण्या वाहायला लागते आणि डीजे घरात येतो. जव्हारला गाळा घ्यावा तर त्याचं भाडं भरायला पावसाळ्यातही लग्नं लागायला हवीत. मग बेस ओटीवर, टॉप मधल्या खोलीत, शार्प्या कणगीच्या मागे. पाहुणा आला की बेसवरच बसतो. सोफ्याचा खर्च वाचला.

बाहेरच्या देशांतल्या रेकॉर्डवाल्यांची दुःखं वेगळी. आयकियाने २०१४ साली एक्स्पेडिट नावाचं कपाट बंद केलं, तर तिकडे अक्षरशः निषेध झाला. त्याच्या चौकोनी खणात एलपी अगदी मापात बसायची म्हणे. पुढे कॅलॅक्स आलं, खण तेवढाच निघाला आणि लोक शांत झाले. मी आमच्या सुताराला तसंच कपाट सांगितलं. "वजन किती पडेल, गुरुजी?" त्याने विचारलं. एक एलपी कव्हरासकट पाव किलोच्या आसपास, दोनशे झाल्या की भाताचं पोतं. पोतं म्हटल्यावर त्याला सगळं समजलं. त्याने असं कपाट करून दिलं की घर पडलं तरी ते उभं राहील.

खरा प्रश्न टर्नटेबलचा होता. त्याला हादरा चालत नाही. शौकीन मंडळी त्यासाठी ग्रॅनाइटच्या लाद्या मागवतात, खाली रबर घालतात. आमची जमीन शेणाने सारवलेली, थेट धरतीमातेला टेकलेली. तिच्यावर कुणी नाचलं तरी सुई हलत नाही. अडचण एकच. पुतण्याने शेजारच्या खोलीत 'जरा चेक करतो' म्हणून बेस लावला की कारवीचा कुड थरथरतो, त्यावरचं सारवण पोपडे धरून खाली येतं आणि सुई एका अंतऱ्यावरून तिसऱ्यावर उडी मारते. शेवटी गिरणी आल्यापासून रिकामं पडलेलं नागली दळायचं जातं मी कोपऱ्यात ओढलं, खुंटा काढला आणि टर्नटेबल त्यावर ठेवलं. आता बेस फाटला तरी सुई जागची हलत नाही. वडीलधारी माणसं मात्र येताजाता विचारतात, "यात नागली कुठून घालायची?"

पाऊस हा इथला सगळ्यात कडक समीक्षक. जव्हारच्या डोंगरावर तो धरला की चार महिने हटत नाही. कव्हरांना बुरशी, ॲम्प्लिफायरला गंज. कपाटात बल्ब जळता ठेवावा तर वीज नाही. एका आषाढात आत्याने माझी काळजी वाटून रेकॉर्डींचा एक गठ्ठा चुलीवरच्या माळ्यावर, बियाण्याशेजारी ठेवला. बियाणं उत्तम राहिलं. रेकॉर्डींच्या कडा वर आल्या आणि सुंदर खोलगट वाडगे तयार झाले. शहरांत असे वाडगे मुद्दाम करून विकतात. आत्या त्यांत लसूण ठेवते.

पुतण्याचं आणि माझं भांडण तत्त्वाचं आहे. त्याच्या प्रत्येक गाण्यात दर अर्ध्या मिनिटाला कुणीतरी घोगऱ्या आवाजात डीजेचं नाव ओरडतं. "काका, ही आमच्या पिढीची आयडिया," असं तो म्हणाला, तेव्हा मी त्याला गौहर जान ऐकवली. १९०२ साली कलकत्त्यात तिचं गाणं पहिल्यांदा तबकडीवर उतरलं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या माणसाला गाणारी कोण हे कळावं, म्हणून जेमतेम तीन मिनिटांचं गाणं संपवून ती इंग्रजीत आपलं नाव ठणकावून सांगायची. पुतण्याने दोनदा ऐकलं. "एकदाच घेते नाव," तो म्हणाला. "मार्केटिंग कच्चं आहे."

आढ्याला वडिलांचा तारपा टांगलेला आहे. दुधी भोपळा, बांबू, ताडाची पानं, मेण. ना वीज, ना जनरेटर. नाचणारे गोल धरतात आणि वाजवणारा श्वास न तोडता फुंकत राहतो. याच तारप्यासाठी आमच्या तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. घरातली सगळ्यात आटोपशीर सिस्टीम एका खुंटीवर मावते, आणि तिला कधी कुणी 'जरा बाजूला घ्या' म्हटलेलं नाही.

मग पुतण्याचंच लग्न ठरलं. आम्ही वारली, लग्नात भिंतीवर चौक लिहायचा, त्यात पालघाट देवी. चौकाची भिंत म्हणजे नेमकी माझ्या कपाटाची. दोन पोती गाणी पाच माणसांनी उचलली. सवाशिणींनी भिंत गेरूने सारवली आणि तांदळाच्या पिठाने चौक लिहिला. लग्नविधीची गाणी गाणारी धवलेरी आली, तिने खोलीभर नजर फिरवली, मधला बेस निवडला आणि त्यावर बसून गायला सुरुवात केली. नवरदेवाला स्वतःच्या हळदीत डीजे वाजवता येईना, म्हणून त्याने धंद्यातल्या वैऱ्याला बोलावलं होतं. तो पोरगा मंडपात हात बांधून ताटकळत राहिला. धवलेरीचं गाणं संपेपर्यंत फेडर वर करायची त्याची छाती झाली नाही. रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करण्याचा नियम २००० सालापासून आहे. त्या रात्री तो पाळला गेला, कारण धवलेरी पावणेदहाला थांबली.

आता चौक भिंतीवर आहे, तो झाकायचा नाही. त्यामुळे कपाट मध्यावर, बेस त्याला पाठ लावून, जातं दाराशी. गेल्या आठवड्यात पुतणीला बघायला पाहुणे आले. बेसवर बसले, चहा घेतला, चौक बघितला, गौहर जान ऐकली. मुलीबद्दल 'कळवतो' म्हणाले. डीजेची मात्र चार मेची तारीख पक्की करून, इसार देऊन गेले.