बल्लवाचार्य

निवृत्त पुरुषाला वर्षभरात तीनपैकी एक काहीतरी जडतंच: मधुमेह, अध्यात्म किंवा स्वयंपाक. आमच्या सोसायटीतल्या अण्णांना स्वयंपाक जडला. मधुमेह आधीपासून होता आणि अध्यात्माला वेळ उरला नाही.

अण्णांनी छत्तीस वर्षं सरकारी खात्यात लेखापरीक्षण केलं. रोज काहीतरी येतं, रोज काहीतरी जातं आणि हिशेब मात्र कुणीच लिहून ठेवत नाही, अशी जागा दिसली की त्यांचा जीव खालीवर होतो. डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये अशी जागा एकच असते. निरोपसमारंभात मिळालेला नारळ काकूंनी खवायला आत नेला, त्याच्या मागोमाग अण्णाही आत गेले, आणि नारळ संपला तरी बाहेर आले नाहीत.

पण गैरसमज नको. अण्णा स्वयंपाक करतात म्हणजे पाहुण्यांसाठी करतात. सोमवारची दुधीची भाजी, मंगळवारची मुगाची खिचडी, आदल्या दिवशीच्या पोळ्यांचा कुस्करा आणि रात्री साडेआठला फ्रीज उघडून 'आता काय करू बाई' असं स्वतःशीच म्हणणं, हे खातं पूर्वीपासून काकूंकडे आहे आणि त्यात ढवळाढवळ करण्याचा अण्णांचा मुळीच इरादा नाही. रोजच्या डब्याला कुणी 'वा' म्हणत नाही, हे त्यांना छत्तीस वर्षं डबा खाऊन ठाऊक आहे.

निमंत्रणाचा फोन सोमवारी येतो. "रविवारी या सगळे जेवायला." मग क्षणभर थांबून, "मी करणार आहे." काकू करणार असत्या तर निमंत्रण पहिल्याच वाक्यात संपलं असतं.

सोमवार ते शुक्रवार अभ्यास. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० सालचं आणि त्यात हजार पाकक्रिया आहेत, हे अण्णा हजारही आपणच करून पाहिल्यासारखं सांगतात. कमलाबाई ओगल्यांची १९७० साली आलेली 'रुचिरा' घरात आहे, तीही काकूंच्या लग्नातली. तिच्या पानांवर काकूंच्या हळदीचे डाग आहेत आणि आता अण्णांच्या लाल शाईचे शेरे. वाटी-चमच्याच्या मापाने दोन पिढ्यांच्या नव्या नवऱ्या स्वयंपाक शिकल्या, पण अण्णांचा पहिला शेरा त्या वाटीवरच आहे: 'वाटी कोणती? आमटीची की लोणच्याची?'

या प्रश्नाचा निकाल लावायला त्यांनी इलेक्ट्रॉनिक काटा आणला. पहिल्या रविवारी त्यावर हिंग मोजला. चिमूटभर हिंग टाकला, काट्याने शून्य दाखवलं. आणखी चिमूटभर टाकला, तरी शून्य. शून्य ग्रॅम हिंगाची फोडणी हिशेबात बसेना, म्हणून काटा एक दाखवेपर्यंत अण्णा हिंग टाकत राहिले. त्या दिवशीच्या वरणाचा वास पहिल्या मजल्यावरून चौथ्यापर्यंत गेला, आणि ज्यांना निमंत्रण नव्हतं त्यांनीही पोटाला बरं वाटल्याचं कळवलं.

शनिवारी बाजार. भरल्या वांग्यांसाठी लहान, काटेरी देठाची, एकाच मापाची वांगी लागतात. अण्णा एकेक वांगं उचलतात, देठाशी छिद्र आहे का बघतात, उजेडात धरतात, तळहातावर तोलतात. बारा वांग्यांना पाऊण तास लागतो. "काका," भाजीवाली एकदा म्हणाली, "वांगं घ्यायचंय का जावई करायचाय?" अण्णांनी उत्तर दिलं नाही. जावई त्यांनी वीस मिनिटांत पसंत केला होता, असं काकू सांगतात.

रविवार उजाडला की अण्णा काकूंचा हात धरून त्यांना स्वयंपाकघराबाहेर आणतात आणि दारात ठेवलेल्या खुर्चीवर बसवतात. "आज तू हातसुद्धा लावायचा नाही." काकू बसतात. मग सुरू होतं.

"अगं, मोठं पातेलं कुठंय?" काकू उठतात. "मिसळणाच्या डब्यात मोहरी संपलीय." काकू उठतात. "चिंच भिजत घातलेली दिसत नाही." काकूंनी ती सकाळीच घातलेली असते, कोळही काढून ठेवलेला असतो. दाणे भाजून, सोलून, कुटून झालेले असतात. खोबरं किसलेलं, तीळ भाजलेले, तोंडली चिरलेली, आंबेमोहोर धुऊन निथळत ठेवलेला, चक्का रात्रभर टांगून साखर घालून ठेवलेला. कणीक मळून ओल्या फडक्याखाली. अण्णांच्या मते ही सगळी पूर्वतयारी. स्वयंपाक फोडणीपासून सुरू होतो आणि वरून कोथिंबीर भुरभुरली की संपतो. फोडणीच्या अलीकडचं आणि कोथिंबिरीच्या पलीकडचं जग काकूंचं.

पाहुण्यांना साडेबाराची वेळ दिलेली असते, पण ती जेवणाची नसते, प्रयोगाची असते. आल्याबरोबर सगळ्यांना ओट्याभोवती उभं केलं जातं. जागा चौघांची, पाहुणे नऊ. मागच्यांना दिसावं म्हणून अण्णा कढई तिरकी करून दाखवतात. गोडा मसाला हाताने काय, यंत्राने काय, कुणीही दळतं, पण त्यातलं काय म्हणजे काय हे किती जणांना ठाऊक असतं?

"हे दगडफूल. फूल नाही बरं का. बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार आहे हा."

"म्हणजे?" कुणीतरी विचारतं. कुणीतरी विचारावंच लागतं, त्याशिवाय तेल तापत नाही.

"शैवाल उन्हात अन्न तयार करतं. दोघंही त्यावर जगतात."

"आणि बुरशी काय करते?" हा प्रश्न काकूंचा, कणकेचे गोळे करता करता.

"बुरशी आधार देते. आसरा देते."

"असं होय," काकू म्हणतात आणि पोळी लाटायला घेतात.

आमटीत टोमॅटो घालायला अण्णांचा तात्त्विक विरोध आहे. टोमॅटो आपला नव्हे, अमेरिकेचा. चालुक्य राजा सोमेश्वराचा 'मानसोल्लास' बाराव्या शतकातला, त्यात मांडे आहेत, वडे आहेत, मासे कसे शिजवावेत तेही आहे. टोमॅटो दाखवा! एका रविवारी तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने विचारलं, "त्यात मिरची आहे का हो, अण्णा?"

अण्णांचा डाव आमटीतच थबकला. मिरचीही तिकडचीच, जहाजातून पोर्तुगीजांबरोबर आलेली.

"आणि शेंगदाणे?" पोरगं थांबेना. वांग्यात ठासून भरलेलं कूट कढईतून सगळ्यांकडे बघत होतं. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचाच रहिवासी. मानसोल्लास काटेकोरपणे लागू केला असता तर त्या दिवशी पानात नुसती वांगी पडली असती, आतून रिकामी.

"जुन्या, मुरलेल्या प्रकरणांना सवलत देता येते," अण्णा शेवटी म्हणाले.

"मग टोमॅटोला?"

"त्याची फाइल विचाराधीन आहे."

दोन वाजतात. लहान मुलांनी शोकेसमधल्या पितळी हत्तीची सोंड चाटायला घेतलेली असते. काकू त्यांना हळूच आत नेऊन पोळीला तूप-गूळ लावून देतात. ज्यांना इन्सुलिनची वेळ सांभाळायची असते, अशा एकदोन मोठ्यांनाही बाहेरच्या बाहेर काहीतरी पोचतं. अण्णांना हे दिसत नाही. ते कढईच्या झाकणावर पाणी ठेवून वांग्यांना वाफ आणत असतात, आणि झाकण कितीदा उचलायचं याबद्दल त्यांची मतं पक्की आहेत.

अडीचला पानं मांडली जातात. मीठ कुठे, लिंबू कुठे, चटणी आणि कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, हे अण्णा प्रत्येक पानाशी वाकून तपासतात. एका पानात चटणीने मिठाची जागा घेतली होती तर त्यांनी वाढणाऱ्याला परत बोलावून दुरुस्ती करून घेतली. फक्त सही करायची राहिली.

स्वतः मात्र ते बसत नाहीत. हात मागे बांधून उभे राहतात आणि पहिला घास कुणाच्या तोंडात कसा जातो ते पाहतात. "कसं झालंय?"

'छान' हे उत्तर चालत नाही. 'छान' हा मोघम शेरा झाला. आंबट-गोडाचा मेळ कसा वाटतो? दगडफूल लागतंय का? वांग्याचं देठ शाबूत आहे हे लक्षात आलं का? अनुभवी पाहुणे घरूनच तयारी करून येतात. एकाने तेल सुटण्यावर बोलायचं, दुसऱ्याने मसालेभाताचा दाणा मोकळा असण्यावर. एक नवखा गृहस्थ 'मीठ किंचित...' एवढंच म्हणाला. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर हरकती काढलेल्या अण्णांनी त्याला शांतपणे विचारलं, "किंचित म्हणजे किती ग्रॅम?" गृहस्थ पुढे ताकच पीत राहिला.

आणि खोटं कशाला बोला, वांगी अप्रतिम होतात. का होणार नाहीत? पाऊण तास निवडलेल्या बारा वांग्यांकडे एक माणूस सकाळपासून दुसरं काहीही न करता बघत बसलेला असतो. दूध उतू जात नाही, बेल वाजत नाही, गॅसवाला येत नाही, कुणी 'माझा मोजा कुठंय' विचारत नाही. ते सगळं दुसऱ्या कुणाकडे तरी असतं. एवढी सवड मिळाली तर दुधीसुद्धा अजरामर होईल.

पंगतीचा नियम मात्र गमतीचा आहे. वांग्याला दाद मिळते, मसालेभाताला दाद मिळते, श्रीखंडाला तर अण्णा स्वतःच देतात आणि साखर वाढेल म्हणून काकूंनी लपवलेल्या वाटीतून खातातही. पोळीला कुणी दाद देत नाही. पोळी फक्त मागितली जाते. तव्यावरून थेट पानात येणाऱ्या त्या घडीच्या पोळ्या किती झाल्या, हे एवढ्या मोठ्या लेखापरीक्षकाच्या घरात कुणीच मोजत नाही.

जेवणं झाल्यावर अण्णा 'जरा पाठ टेकतो' म्हणतात. स्वयंपाकघरात तीन कढया, सहा पातेली, मालकी न सांगता येणारे पाच चमचे आणि छताजवळ हळदीचा एक डाग असतो. पाहुण्या बायका पदर खोचून आत जातात. पाहुणे पुरुष बाहेर बसून अण्णांचं कौतुक करतात आणि आपापल्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणतात, "एकदा मीही करणार आहे."

मध्यंतरी काकू लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेल्या. आता महिनाभर जिन्यात फोडण्यांचे वास दरवळणार, अशी सोसायटीची खात्री होती. पण दुसऱ्याच दिवशी अण्णा पिशवीत स्टीलचा डबा घेऊन नाक्यावरच्या पोळी-भाजी केंद्राकडे जाताना दिसले.

"अण्णा, तुम्ही आणि विकतची पोळी?"

"एकट्यासाठी कोण करत बसणार?" अण्णा म्हणाले. "जेवणाऱ्यालाच माहीत असतं काय घातलंय ते. मजा काय?"

आठवडा निघाला आणि अण्णांमधला परीक्षक जागा झाला. त्यांनी केंद्र चालवणाऱ्या बाईंना वहीच्या पानावर लिहून तीन सूचना दिल्या. मटकीच्या उसळीत गूळ फोडणीनंतर पडतो, तो उशिरा पडावा. पोळ्यांच्या कडा जाड राहतात. कोथिंबीर शिजते, ती वरून घालावी. बाईंनी पिठाचे हात पदराला पुसले, कागद शेवटपर्यंत वाचला आणि खूश होऊन म्हणाल्या, "काका, अगदी बरोबर हो तुमचं. असं समजणारं माणूस मिळत नाही आजकाल. उद्यापासून येता का? पहाटे चारला कणीक मळायला घेतो आम्ही. दोनशे पोळ्या असतात. भाजी मी बघते, तुम्ही कडा बघा."

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी केंद्र बदललं. नव्या ठिकाणची भाजी जरा अळणी असते असं इतर लोक म्हणतात. अण्णांचा अजून काही शेरा आलेला नाही.