बडनेऱ्याहून एम. एफ. ए.

तिवशात चित्रकाराला कामाचा तोटा नसतो. मोझरीचा गुरुकुंज आमच्याच तालुक्यात, त्यामुळे खंजिरीसकट तुकडोजी महाराज मी डोळे मिटून काढू शकतो. शिवाय खराटा घेतलेले गाडगेबाबा, शाळेच्या भिंती, गणपतीचे पडदे, कृषी केंद्राच्या पाट्या. नागपूरहून बी. एफ. ए. होऊन आल्यावर मी हेच करत होतो आणि मनातून स्वतःला गायतोंडे समजत होतो. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले आणि सय्यद हैदर रझा १९३९ ते ४३ नागपूरच्या चित्रशाळेत शिकले, एवढ्या भांडवलावर विदर्भातल्या कुठल्याही पोराचं डोकं फिरू शकतं. माझं फिरलं. मास्टर्स करायचं ठरलं.

कॉलेज निवडायची माझी पद्धत एकदम शास्त्रशुद्ध होती. वहीत नावं लिहिली. शांतिनिकेतनचं कलाभवन, १९१९ पासूनचं, कारण तिथे रामकिंकर बैज. बडोदा, १९५० पासूनचं, कारण तिथे बेंद्रे. मुंबईचं जे. जे. तर १८५७ चं, आणि गायतोंडे तिथलेच. वही घेऊन बस स्टँडवर मित्राला चहा पाजला. तो तलाठी परीक्षेचा अभ्यास करत होता, म्हणजे सनावळी त्याचा प्रांत.

‘‘रामकिंकर शिकवते का आता तिथं?’’

‘‘ऐंशी साली वारले.’’

‘‘अन् बेंद्रे?’’

‘‘त्यांनी सहासष्टमध्येच बडोदं सोडलं.’’

‘‘मंग तू शिकाले चालला का सराधाले?’’

बाबांचा निकष त्याहून सोपा. ‘‘बडनेऱ्याहून एका गाडीत पोचते का?’’ हावडा-अहमदाबाद एक्स्प्रेस एका दिशेला बडोद्याला नेते, दुसऱ्या दिशेला हावड्याला. तिथून पुढे बोलपूर. बाबा म्हणाले, ‘‘पह्यली जे येईन तिच्यात बस.’’ माझ्या वहीपेक्षा हे धोरण फार वाईट होतं असं आता म्हणवत नाही.

फॉर्मसोबत ‘आर्टिस्ट स्टेटमेंट’ मागितलं होतं. बाबा दचकले. ‘‘स्टेटमेंट कायले द्या लागते बाप्पा? केस कोनं केली?’’ मग मी रात्रभर बसून अस्तित्व, अवकाश आणि पोकळी या तीन शब्दांवर पानभर मजकूर ओढला. तो वाचून माझ्यावर केस व्हायला हरकत नव्हती.

पोर्टफोलिओत महाराज आणि बाबाच जास्त झाले, म्हणून घाईत आमच्या बाबांचं पोर्ट्रेट केलं. संत्र्याच्या बागेत उन्हात उभे, गालावर पांढऱ्याचा जाड थर. टायटॅनियम व्हाइट जवसाच्या तेलात किती हळू वाळतो हे मला बी. एफ. ए.त शिकवलं होतं. तरी वरवर बोट लावून ‘वाळलं’ म्हटलं आणि कॅनव्हास वर्तमानपत्रात गुंडाळून वरून आईचं जुनं लुगडं बांधलं.

गाडीत शंका आली म्हणून सोडून पाहिलं. कागद गालाला चिकटलेला. हळूहळू सोलला तर बाजारभावाचं पान बाबांच्या तोंडावर उमटलं होतं, उलट्या अक्षरांत. नाकावर तूर, डाव्या गालावर सोयाबीन, हनुवटीवर सरकी. समोरच्या बाईंनी फोटोला हात जोडले. ‘‘कधी गेले जी?’’ तेवढ्यात स्वतः बाबा फलाटावरून पाण्याची बाटली घेऊन डब्यात चढले. त्यांनी चित्र पाहिलं आणि एवढंच म्हणाले, ‘‘सोयाबीनचा भाव मांगच्या आठवड्यातला हाय.’’

मुलाखत कुठल्या कॉलेजात झाली ते सांगत नाही. तिघे परीक्षक होते. महाराज भराभर उलटले गेले. ‘‘यात तुम्ही कुठे आहात?’’ असं विचारलं, तेव्हा मी उजव्या कोपऱ्यातली सही दाखवली. शांतता पसरली. मग ते पोर्ट्रेट निघालं. एका मॅडमनी चष्मा चढवला, दुसरे सर उठून जवळ आले. शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर बाजार, तोही उलटा! हे कसं सुचलं? मी खिडकीबाहेर पाहत, शक्य तितक्या पोकळ आवाजात म्हणालो, ‘‘प्रोसेसमधून आलं.’’

प्रवेश मिळाला. पहिलं वर्षभर सगळे माझ्याकडून वर्तमानपत्राचीच अपेक्षा करत राहिले आणि मी बापडा ओल्या रंगावर रद्दी दाबत राहिलो. वर्गात शिकवणारे पहिल्या महिन्यातच कळले; गाठ मात्र माझ्या चित्रापुढे येऊन पाच मिनिटं गप्प उभे राहणाऱ्या एकाच सरांशी पडली. त्यांचं नाव माझ्या वहीत नव्हतं. कुठल्याच वहीत नसावं. रद्दी त्यांनीच सोडवली.

आता तालुक्यातली पोरं इंटरमिजिएटचं सर्टिफिकेट घेऊन विचारायला येतात, दादा, कोनतं कॉलेज चांगलं? त्यांना मी थोरांची नावं सांगत नाही. सत्र चालू असताना, न कळवता जा. चार विद्यार्थ्यांचे कॅनव्हास शेजारी लावून बघा. चारही एकाच हातचे वाटले तर परतीचं तिकीट काढा. आणि संध्याकाळी सहानंतर स्टुडिओ उघडा असतो का, हे शिपायाला विचारा, प्राध्यापकांना नको.